मोरनीचा मान

गुळाच्या डब्याचं झाकण टप्पकन उघडलं. दुपारच्या त्या निपचित घरात तेवढाच एक आवाज झाला.

खडा हातात घेऊन ममता थांबली. हे झाकण वाजलं की भिंतीपलीकडच्या गोठ्यातून मोरनी खिंकाळायची, ही रोजची रीत. घोडीचे कान असे तिखट, की चहासाठी डबा उघडला तरी तिला वाटायचं, आपलंच बोलावणं आलं. सासू बिजलीबाई म्हणायची, "तुह्या घोडीपायी आमाले चोरून चहा प्या लागते, बाई."

आज पलीकडून काहीच आलं नाही.

ममतानं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. जरा जोरानं. मग खडा तसाच मुठीत धरून ती गोठ्यात गेली.

मोरनी उभी होती, पण ते उभं राहणं नव्हतं. पुढचे दोन्ही पाय लांब पुढं टाकलेले, सगळा भार मागं रेललेला, जसं कुणी तापल्या फरशीवर टाचांवर उभं राहावं. ममतानं बसून तिच्या खुरावर तळवा ठेवला. खूर गरम होता. तापातल्या पोरीचं कपाळ लागतं तसा. घोडीनं तिच्या मुठीकडं पाहिलंसुद्धा नाही.

मोरनी ममताच्या माहेरची. दारव्ह्याजवळच्या या तांड्यात ती लग्न होऊन आली, तेव्हा तिचे वडील धरमसिंग म्हणाले होते, "आपले लोक लदेणीवर होते, बैलांवर धान्य-मीठ लादून गावोगाव फिरत, तवा लेकीसंग बैल देत. आता लदेणी कुठं राह्यली? हे शिंगरू ने." ते शिंगरू वाढलं, मग ममताची बबिता जन्मली, आणि दोघी एकाच अंगणात मोठ्या झाल्या. बबिता उभी राहायला शिकली ती मोरनीचा पाय धरून. ममताचा नवरा लखन लग्नसराईत नवरदेवासाठी घोडी न्यायचा आणि एरवी दारव्ह्याच्या रस्त्यावर जीप चालवायचा. पावसाळ्यात लग्नं नसतात. मग मोरनीला काम नसे, आणि चिखलात घसरेल म्हणून तिला कोणी बाहेरही काढत नसे. ती आपली गोठ्यात.

यंदा आखाडीनंतर नालबंद पंजाबराव आले, खूर उचलून पाहिला आणि खिळा ठोकायच्या आधीच खाली ठेवला. "खूर भुसभुशीत झाला लखन. नाल धरून नाई राह्यला."

"मंग तुळशीच्या लग्नानंतर काय करू? नवरदेवाले बैलावर बसवू?" लखन हसला होता. पण रात्री तो ताटावरून लवकर उठला.

दुसऱ्या दिवशी ममतानं दारव्ह्याच्या जनावरांच्या डॉक्टर गुंजन मॅडमना फोन लावला. बारावीपर्यंत शिकलेली ती या घरात एकटीच. लेबल वाचायचं काम तिचंच होतं.

"काय काय खाते ती?" मॅडमनी विचारलं होतं.

"कडबा, वाळलं गवत, कुट्टी. उन्हाळ्यात थोडे चणे."

"आता चणे?"

"आता नाही मॅडम. काम नाही ना तिला."

"बरोबर. मग खुरासाठीची पावडर सुरू कर. बायोटिन, जस्त आणि मिथिओनिन असलेली. घोड्यासाठीचीच घे हं. गायींचं क्षारमिश्रण नको, त्यात घोड्याला न सोसणारं काही असू शकतं."

दुकानात तिच्यापुढं तीन गोष्टी मांडल्या गेल्या. दुभत्या म्हशींचं कॅल्शियम, गायींचं मिश्रण, आणि मागच्या फळीवरून काढलेला घोड्याचं चित्र असलेला डबा. बारीक अक्षरं वाचायला ती डबा घेऊन दारात उजेडाला गेली. दुकानदार म्हणाला, "ताई, हे काय दहावीचा पेपर आहे?" तरी तिनं सगळं वाचलं. तिन्ही नावं सापडली, मात्रा सापडली, तेव्हाच डबा पिशवीत घातला. येताना जीपमध्ये तिनं तो मांडीवर धरला होता. आपण काहीतरी नीट निवडलं, याचा इतका आनंद तिला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

मोरनीनं त्या पावडरीवर नाक फुरफुरलं आणि सगळी उडवून लावली.

"अवो, असं कोरडं औषध कोण खाईन?" बिजलीबाई म्हणाली. "गुळात दे. लेकीच्या हातानं दे."

घरात तशी चालच होती. लदेणीच्या काळापासून, पाठीवर ओझं वाहणाऱ्या जनावराला घरच्या लेकीनं तळहातावर गूळ द्यायचा. तो त्याचा मान. मोरनीला पहिला गूळ ममतानं दिला होता. बबिता चालायला लागली तसा तो मान तिच्याकडं गेला. सकाळी एक, सांजेला एक. अमावस्येला, सणाला गूळ घालून उकडलेल्या गहू-चण्याची घुगरी. पावडर आली आणि खडा मोठा झाला. पावडरीची कडू चव मोडेपर्यंत तो मुठीएवढा झाला. बबिता दोन्ही हातांची ओंजळ करून उभी राहायची, आणि मोरनी तिचे तळवे चाटून पुसून स्वच्छ करायची. ते बघताना ममताला वाटायचं, आता खूर उतरेल बाई नवा. आता उतरेल.

आणि आज हे असं.

तिनं मॅडमना फोन केला. गुंजन मॅडम तासाभरात आल्या, लखनच्या जीपमधूनच. मोरनीच्या टाचेजवळ बोटं ठेवून त्या बराच वेळ नाडी बघत राहिल्या. मग मानेवरचा फुगलेला चरबीचा पट्टा त्यांनी चिमटीत धरला. मग खुरावरच्या आडव्या वळ्यांवरून अंगठा फिरवला.

"या वळ्या नवीन नाहीत ममता. हे दुखणं आधीपासून थोडं थोडं होतं. आता एकदम उसळलं." त्या उठल्या. "पावडरचा डबा आण बरं."

ममतानं डबा आणला. मॅडमनी वाचला. "अगदी बरोबर घेतलास. कशात देत होतीस?"



"गुळात," बिजलीबाईनं सांगितलं. "आन् कशात देन? सकाळ-संध्याकाळ. पोरगी देते तिचा मान."

"आणि आधी? पावडर नव्हती तेव्हा?"

"तवाही द्याचीच ना. थोडा."

"फोनवर मी विचारलं होतं, काय खाते," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ममताला वाटलं.

"मॅडम, ते... ते खाणं नाही ना," ममता म्हणाली. "तो मान आहे." तिनं खरंच खोटं सांगितलं नव्हतं. चारा विचारला, तिनं चारा सांगितला. देवापुढचा प्रसाद कुणी जेवणात धरतं का? गूळ तिच्या मनात चाऱ्याच्या बाजूला कधी बसलाच नव्हता.

"आमच्या बैलायले तं कधी काही झालं नाई," बिजलीबाई म्हणाली.

"ते बैल दिवसभर चालत होते आजी. आणि घोड्याचं पोट वेगळं. बसून असलेल्या घोडीला रोज इतकं गोड गेलं की खूर आणि आतलं हाड धरून ठेवणारी पकड सुजते. सुटायला लागते."

"सुटून राह्यली का?" लखननं विचारलं. दारातून तो पहिल्यांदाच बोलला.

"एक्स-रे काढल्याशिवाय सांगता येणार नाही. मशीन मागवते. आतलं हाड सरकलं नसेल, तर वाचेल. सरकलं असेल..." मॅडमनी बबिताकडं पाहिलं आणि वाक्य तिथंच ठेवलं.

त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं. खुरांना थंड पाणी, पायाखाली जाड वाळू, गवत भिजवून निथळून. पावडर चालू ठेवायची, त्या ओल्या गवतात कालवून. खाईल तेवढी खाईल. चणे नाही, घुगरी नाही, गुळाचा कणही नाही. तिला चालवायचं नाही. नवा खूर खाली उतरायला वर्ष लागतं, म्हणाल्या, तोवर लग्नं विसरा.

लखन नाल्यावरून वाळू आणायला गेला. जाताना ममताजवळ थांबला. "तू काहून रडून राह्यली? वाचून तं तूच आणलं होतं."

त्याला धीर द्यायचा होता. तिला मात्र तेच लागलं. ती वाचू शकते म्हणून घरानं तिच्यावर सोपवलं, आणि जे कुठल्याच डब्यावर छापलेलं नव्हतं, ते तिच्याच घरात, तिच्याच फळीवर होतं.

संध्याकाळपर्यंत तिनं खुरांवर पाणी ओतलं. बबिता तांब्या भरभरून देत होती. वाळू पडली, तशी मोरनीनं एक पाय जरा मागं घेतला. इंजेक्शनचा गुण असेल. मान थोडी वर आली.

"चहा कर, बाई," बिजलीबाई म्हणाली. "दुपारपासून पोटात काही नाई तुह्या." सासूला चहा गुळाचाच लागायचा. ममतानं डबा काढला. झाकणावर एक तळवा दाबून, दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते हळूहळू, आवाज होऊ नये असं वर उचललं. तरी शेवटी टप्प झालंच.

भिंतीपलीकडून मोरनी खिंकाळली. बारीक, पण खिंकाळली.

लखननं वाळूचं घमेलं खाली ठेवलं. बिजलीबाईनं पदर तोंडाला लावला. इतका वेळ ज्या आवाजासाठी ममताचा जीव टांगला होता तो आवाज आला होता, आणि तिला डबा कुठं लपवावा ते कळेना.

बबिता केव्हाच गोठ्याच्या दारात जाऊन उभी होती. सवयीनं तिची ओंजळ झाली होती. मोरनीनं मान लांब करून तिचे ओले, रिकामे तळवे हुंगले, पुन्हा हुंगले, आणि मग नाकानं तिला हळूच ढोसलं.

बबितानं हात पाठीमागं घेतले.

"याडी," ती आईकडं वळून म्हणाली, "मी तिच्यासंग कट्टी नाई केली, हे तिले कसं सांगाचं?"