कलिंगडवाल्यांची बेसबॉल टीम

बेसबॉल हा खेळ मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या संघाच्या प्रत्येक सामन्याचा स्कोअर मी लिहिला, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की एवढ्या वेळात या नऊ धडधाकट पुरुषांनी घरातलं पाणी तरी भरलं असतं. पण नेरूळच्या या संघाचा इतिहास सांगायचा तर सांगणारी मीच उरते. बाकीच्यांना फक्त जिंकलेले सामने आठवतात, आणि ते सांगायला चहाचा अर्धा कपसुद्धा पुरतो.

शहाण्णव साली फळबाजार मुंबईतून वाशीला आला आणि त्याच्यामागून माझे वडीलही आले. हौसेराव, साताऱ्याकडचे, हमालांच्या एका टोळीचे मुकादम. मुकादम म्हणजे ओझं तेवढंच उचलायचं आणि वर सगळ्यांची भांडणंही सोडवायची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. उन्हाळ्यात दादांची टोळी कलिंगडाच्या गाड्या खाली करायची. एक जण ट्रकवर उभा राहायचा, बाकीचे खाली रांगेत, आणि कलिंगड हातातून हातात उडत गाळ्यापर्यंत जायचं. टोळीचा कायदा असा की आलेला माल हातात धरून ठेवायचा नाही. घेतला की कमरेतून वळायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. थांबलास, की मागचं कलिंगड तुझ्या बरगड्यांवर.

हे दृश्य सुधीर सरांनी पाहिलं आणि आमच्या घराचं वाटोळं सुरू झालं. सुधीर सर नेरूळच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे. कुठल्याशा शिबिराला जाऊन ते बेसबॉल शिकून आले होते. येताना दोन बॅटी, नऊ ग्लोव्ह्ज आणि प्रचंड उत्साह घेऊन आले. शाळेतल्या मुलांच्या आयांनी त्यांना हाकलून लावलं, कारण बेसबॉलला मार्क नव्हते. मग सर आंबे घ्यायला बाजारात आले आणि कलिंगडं उडताना बघून आंबे विसरले.

"मुकादम, तुमची माणसं कधी झेल सोडतात का हो?"

"सोडून सांगतो कुनाला?" दादा म्हणाले. "फुटलं की शेठ आमाला सोडतोय व्हय?"

सरांनी टोपी, शर्ट आणि सरावानंतर दोन उकडलेली अंडी कबूल केली. अंड्यांवर टोळी पाघळली. मुकादमाला वगळून टोळी कुठे जात नाही, म्हणून अठ्ठेचाळीस वर्षांचे दादाही खेळाडू झाले. गांधीटोपी काढायला ते तयार नव्हते, तेव्हा तिच्यावरच ती बेसबॉलची टोपी बसवली. मला एस.टी.डी. बूथवरच्या कामातून रविवारी सुट्टी असायची, आणि बारावी झालेली दुसरी कुणी सरांना फुकट मिळत नव्हती. म्हणून मी स्कोअरर.

मैदान म्हणजे सारसोळ्याजवळचा, खाडीकडचा एक मोकळा प्लॉट. त्यावर आधीपासून गोजराबाई नावाच्या कोळणीचा ताबा होता. ती तिथे सुकट वाळत घालायची. पहिल्याच दिवशी ती काठी घेऊन आली.

"माजे सुकटीवर कोनी पाय दिला त तंगडी तोरीन! बॉल खेलाचा त तुमचे घरान खेला!"

शेवटी तह झाला. उजवीकडचा कोपरा सुकटीचा, बाकीचं मैदान आमचं. त्या कोपऱ्यात चेंडू गेला की आमचा खेळाडू आधी गोजराबाईची परवानगी मागायचा, तोवर समोरचे दोन-दोन धावा काढून जायचे. असे आम्ही किती हरलो ते मी लिहून ठेवलंय, पण सांगणार नाही.

आता इंद्रजित. हा टोळीतला सगळ्यात तरुण, आणि सरांनी त्याला कॅचर केलं, म्हणजे होम प्लेटच्या मागे बसून चेंडू झेलणारा. तो संध्याकाळी बूथवर यायचा आणि गावाला फोन लावायचा. लागायचा नाही, तरी बसून राहायचा. त्याच्या गावात फोनच नव्हता हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. चौथ्या खेपेला मी त्याला चहा मागवला.

पुढच्या वर्षी त्याची आई आमच्याकडे मागणी घालायला आली. दादांनी तिला मानाने बसवलं आणि सरळ सांगितलं, "पोरगं सोन्यासारखं हाय, वैनी. पर माझी मंजी हमालाच्या घरात देनार न्हाय. त्याला म्हनावं, सरकारी नोकरी आन आन् मंग ये."

मला इतका संताप आला की त्या दिवशी भाकऱ्या करपल्या. करपवल्याच मी. इंद्रजित मात्र हसला. सुधीर सरांनी त्याला सांगून ठेवलं होतं की जिल्हा जिंकून राज्याच्या स्पर्धेत खेळला, तर खेळाडूंच्या राखीव जागेतून शिपायाची नोकरी मिळू शकते. म्हणजे माझं लग्न आता नऊ हमाल, एक पी.टी. मास्तर आणि सुकट यांच्या हातात होतं. ज्या खेळाच्या नावाने मी बोटं मोडत होते, त्याच्यासाठी मी मंगळवारचे उपास धरले. स्वतःचीच लाज वाटायची, पण धरले.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात ठाण्याला जिल्ह्याची स्पर्धा झाली. संघ तीन, तेही शेजारच्या जिल्ह्यातले धरून. त्यातल्या एकाचा टेम्पो पनवेलला बंद पडला, म्हणून आम्ही चेंडूला हात न लावता फायनलला पोचलो. समोर उरणचा संघ होता, कंटेनरच्या गोदामात काम करणारी पोरं, एकेकाचे दंड माझ्या मांडीएवढे.

सामना कसा झाला ते सगळं सांगत बसत नाही. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. उरणचे दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की जिल्हा आमचा. त्यांचे दोन जण पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर उभे होते. त्यांच्या पोराने असा फटका मारला की चेंडू मैदानाच्या पार टोकाला, आमच्या टोळीतल्या विलासकडे गेला. त्यांतला पुढचा सुसाट होम प्लेटकडे निघाला; तिथे पोचला की एक धाव आणि बरोबरी.

सर कित्येक महिने ओरडत होते की लांबून थेट फेका, मधे कुणाला देऊ नका. पण टोळी ती टोळी. विलासने चेंडू दादांना दिला. दादा कमरेतून वळले आणि त्यांनी तो कुलदीपला दिला. कुलदीप आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तोही वळला आणि त्याने तो इंद्रजितला दिला. आणि काय सांगू, इतकं देखणं काही मी कुठल्याच मैदानावर कधी पाहिलं नव्हतं. चेंडू कुठे थांबलाच नाही. धावणारा अजून आठ-दहा पावलं लांब होता आणि चेंडू इंद्रजितच्या ग्लोव्हमध्ये आला. त्याने फक्त तो धरून उभं राहायचं होतं आणि आलेल्याला टेकवायचा होता, की तो बाद आणि जिल्हा आमचा. आजवर आमचा चेंडू धावणाऱ्याच्या आधी कधी पोचलाच नव्हता, त्यामुळे ही वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

इंद्रजित कमरेतून वळला. मागे अंपायर वाकून उभे होते, ठाण्याचे एक वयस्कर गृहस्थ. त्यांचे हात पुढे होते. इंद्रजितने चेंडू अलगद त्यांच्या हातात दिला आणि पुढचा माल घ्यायला परत वळला.

अंपायरनीही घेतला. प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला आणि बघत राहिले. पहिला धावणारा आला. दुसराही आला. उरण जिंकलं.

 मग इंद्रजितने स्वतःच्या रिकाम्या ग्लोव्हकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला.  पेन हातातून गळून पडलं आणि मी ते उचललंसुद्धा नाही.

विलास पार टोकापासून शिव्या देत धावत आला. "आरं, अंपायर काय गाळ्यावर माल मोजून घेनारा दिवानजी हाय व्हय? देतोय कसा, घ्या साहेब!" कुलदीपही सुरू झाला. एक जण तर इंद्रजितच्या अंगावर धावून गेला. तेवढ्यात दादांचा आवाज आला. बाजारात भांडणं तोडायचा त्यांचा तो आवाज, विचार करून काढलेला नव्हे, आपोआप निघालेला.

"ए! गप! टोळीत फळ फुटलं की कुनाच्या हातनं सुटलं ते इचारत न्हाईत. समदी टोळी भरती. आजवर इचारलं का कवा? मंग आज का इचारतायसा?"

टोळी मागे सरली. मी मात्र उठले. तोंड चालू होतं, ते माझं कायमच चालू असतं.

"दादा, समदी टोळी भरती ना? मग हे कोण भरणार? त्याची नोकरी गेली, माझं लग्न मोडलं. तुम्ही सगळे घरी जाऊन अंडी खाणार आणि आम्ही दोघांनीच भरायचं होय?"

 दादांनी बेसबॉलची टोपी काढली, तिच्याखालची गांधीटोपी काढली आणि सगळ्यांसमोर मान खाली वाकवली. मानेवर ओझ्याने झालेला तो मुठीएवढा घट्टा.

"हे बघ, मंजे. ह्यापायी न्हाय म्हनत होतो. रात्रीचं कूस बदलता येत न्हाय मला."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "रोज तेल मीच चोळते. आणखी एका मानेला चोळीन."

मग मला रडू फुटलं. सुधीर सर तोंड फिरवून बॅटी गोळा करायला लागले. गोजराबाई आमचा सामना बघायला एवढ्या लांब आली होती हे मला तेव्हा दिसलं. ती पदराने नाक पुसत होती.

दादा चालत इंद्रजितपाशी गेले. तो अजून प्लेटवर मातीतच बसला होता. दादांनी त्याला दंडाला धरून उभा केला आणि त्याच्या पाठीवरची धूळ झटकली, जरा जास्तच जोरात.

"तुझ्या आईला म्हनावं, रविवारी सुपारी फोडायला या," दादा म्हणाले.  "पोरगी देतोय तुला. ती तरी धरून ठिव, गाढवा. दुसऱ्याच्या हातात दिऊ नगंस."