कामापुरता संसार

मार्तंड गवाणकर मालवणला वारल्याची बातमी सकाळच्या पेपरात आली. दूधवाल्याच्या किटल्या जिन्यावर वाजायच्या आत घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या चाळीतल्या बायका नलिनीच्या दारात उभ्या होत्या. शेजारची रत्नप्रभाकाकू सगळ्यांच्या पुढे होती. तिने नलिनीला आधी पोटाशी धरलं, मग हात धरून खाली बसवलं. उंबऱ्यावर मनगट टेकवून तिने हातातल्या बांगड्या वाढवल्या, कपाळ पुसलं, गळ्यातलं काढून घेतलं. हे सगळं तिने इतक्या हळुवारपणे केलं, की एकही काच नलिनीला लागली नाही.

"रड गं बाई," काकू म्हणाली. "आत ठेवू नकोस."

नलिनी रडत होती आणि ते रडणं खरं होतं. खोटं होतं ते मंगळसूत्र. बेचाळीस साली पक्षानं ते आणून दिलं होतं. सोन्याचं नुसतं पाणी दिलेलं. देताना पक्षाचा कार्यकर्ता विद्याधर म्हणाला होता, "काम संपलं की परत कर. दुसऱ्या कुणाला लागेल."

तेव्हा नलिनी वीस वर्षांची. पेणच्या शाळामास्तरांची मुलगी, कॉलेज सोडून चळवळीत आलेली. मार्तंडवर पकडवॉरंट होतं. घाटकोपर तेव्हा टेकडीखाली तबेल्यांच्या आडोशाला पडलेलं गाव, तिथे कोण कुणाला ओळखणार. पण एकट्या पुरुषाला चाळीत खोली कोण देतो? म्हणून पक्षानं संसार मांडून दिला. दोन चटया, एक स्टोव्ह, चार भांडी, एक जातं, आणि तांदळाच्या पिंपात लपवलेलं, पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र.

यंत्राला खडखड फार. ती झाकायला जातं. आणि पहाटे जात्याची घरघर आली की त्याच्यामागून बाईचा आवाज यायलाच हवा, नाहीतर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. म्हणून नलिनी ओव्या म्हणायची आणि म्हणता म्हणता यंत्राचा दांडा फिरवायची. पत्रकाचा मजकूर तिचा, अक्षर तिचं, स्टेन्सिल तिने कापलेला. मार्तंडला दोन ओळी सरळ लिहिता येत नसत. भाषणाला उभा राहिला की मुलुंडच्या मिठागरातले मजूर मिठाची फावडी टाकून ऐकत बसत, पण कागद पुढे आला की हा घामाघूम. तेव्हा जात्यावर तो बसायचा. धोतराचा काचा मारून, खुंटा दोन्ही हातांनी धरून, देशाचा फरारी पुढारी ज्वारी दळायचा.

दळीते मी बाई, जात्याच्या पाळीवर
राज्य परक्याचं निजलं आळीवर
भरड भरड जात्या, कोंडा उडू दे वाऱ्याला
मिठाच्या आगरात हक्क राबत्या साऱ्याला

पीठ व्हायचं जाडंभरडं. भाकरी तव्यावर टाकेपर्यंत मोडायची.

"हे कुणाला सांगायचं नाही हं," तो म्हणायचा. "दळत होतो म्हणून."

"फाशी जाशील का सांगितलं तर?"

"फाशीचं काही नाही. हसतील."

रात्री दोन चटयांच्या मध्ये ते जातं असायचं. ते कुणी कधी सरकवलं नाही. तिने एखाद्या रात्री दगडावर हात ठेवलेला असायचा, दळण संपून बराच वेळ झालेला असला तरी तो कोमटच वाटायचा. एवढाच तिचा संसार.

चव्वेचाळीसमध्ये मार्तंडला पोलिसांनी खाली नळावरच धरलं. शिकवल्याप्रमाणे नलिनीने पदर डोक्यावर ओढला आणि सांगितलं, मी अडाणी बाई, मला काय ठाऊक. फौजदारानं तिच्याकडे नीट बघितलंही नाही. यंत्र पिंपात वाचलं. पुढे दीड वर्ष पत्रक तिने एकटीने काढलं, एका हाताने जातं आणि दुसऱ्या हाताने यंत्र फिरवत. तुरुंगात गेले त्यांची नावं झाली. तिला तुरुंग घडला नाही, म्हणून तिचं नाव कुठे लागलं नाही.

मग राज्य गेलं. भूमिगत होते ते सगळे वर आले, हारतुरे झाले. नलिनीला मात्र कुणी सांगितलंच नाही की आता वर ये. पेणला वडिलांनी दार लावून घेतलं होतं. मार्तंड सुटल्यावर एकदा चाळीत आला, सगळ्या बायकांसमोर चहा प्यायला, आपली दोन पुस्तकं पिशवीत घातली आणि म्हणाला, "सांभाळून राहा." गावी त्याची बायको होती, प्रेमा. हे नलिनीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चाळीला नव्हतं. चाळीला एवढंच माहीत होतं की गवाणकरवहिनींचा नवरा देशाच्या कामाला वाहिलेला, मिठागराचा संप केला म्हणून आपल्याच सरकारनं त्याला पुन्हा आत टाकलेला, सुटल्यावर गावाकडच्या कामात गुंतलेला, आणि वहिनी विक्रोळीच्या कारखान्यात पॅकिंगचं काम करून त्याची वाट बघते. एकट्या बाईला तेवढी भिंत बरी असते. नलिनीने ती पाडली नाही.

आणि आता बांगड्या फुटल्यावर पाचव्या दिवशी विद्याधर आला. अंगात खादीचा सदरा, पोट सुटलेलं. ईशान्य उपनगरातून निवडणुकीला उभा होता. खुर्चीत बसता बसता त्याची नजर तिच्या हातांवर गेली.

"हे काय केलंस?"

"मी नाही केलं. बायकांनी केलं."

"तू करू दिलंस?"

"मग काय करणार होते? पक्षाचा ठराव दाखवणार होते?"

"नलू, तू कुमारिका आहेस."

"हो का? हे तुला एकट्यालाच माहीत आहे बघ."

त्याने रुमालाने मान पुसली. रविवारी मैदानात शोकसभा होती. प्रेमावहिनी मालवणहून येणार होत्या, स्टेजवर बसणार होत्या. "तूही बस," तो म्हणाला. "बोल चार शब्द. पत्रक तू काढत होतीस हे मी स्वतः सांगणार आहे. छापून येईल. इतकी वर्षं राहून गेलं ते."

नलिनीला ते हवंसं वाटलं. पत्रकाखाली कधीच कुणाचं नाव नव्हतं, ते बरोबरच होतं. पण आता मार्तंडच्या फोटोखाली लोक म्हणत होते, काय धारदार लेखणी होती. ती लेखणी आपली होती, एवढं एकदा कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, बस. दुसरं तिला काही नको होतं.

"फक्त एक वाक्य घाल," विद्याधर म्हणाला. "की तू त्याची मानलेली बहीण. दर भाऊबीजेला ओवाळायचीस."

"मी कधी ओवाळलं नाही."

"अगं, ओवाळलं असतंस तर कुठे बिघडलं असतं? समोरचे लोक टपून बसलेत. परक्या बाईबरोबर एका खोलीत दोन वर्षं, म्हणतील. मार्तंडचं चारित्र्य ही आज पक्षाची सगळ्यात मोठी पुंजी आहे."

"आणि माझं?"

"तुझंही राखतोच आहे की. बहीण म्हणतोय."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर कुणाचे तरी पापड वाळत होते.

"बरं," ती म्हणाली.

जाताना त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या काढून ठेवल्या. "सभेला एवढ्या भरून ये. बहिणीचे हात असे बरे दिसत नाहीत."

रविवारी रत्नप्रभाकाकूने चाळीतल्या साताठ बायका गोळा केल्या. "वहिनी एकट्या कशा जातील? आम्ही येतो." नलिनीने खूप सांगून पाहिलं, ऊन आहे, गर्दी होईल, मुलांचं काय. काकू म्हणाली, "आमच्याही घरचंच माणूस होतं ते." तेव्हा त्या पुढच्या सतरंजीवर जाऊन बसल्या आणि नलिनीला स्वयंसेवकांनी मैदानालगतच्या शाळेच्या वर्गात नेलं. तिथे तिने कागद सोडून बांगड्या हातात चढवल्या. माप मोठं होतं.

बाकावर आधीच एक बाई बसली होती. सुती लुगडं, मोकळं कपाळ, पायात वहाणा नाहीत.

"तुमी नलिनी मां?" तिने विचारलं. "इद्याधरान सांगल्यान, ह्यांची बहीण म्हणान. माका नणंद नाय, ती आता गावली खंयसून?"

नलिनीला हसू आलं. प्रेमालाही आलं. मग प्रेमाने बाकावर सरकून तिला जागा करून दिली.

"भटवाडीत ऱ्हवत होते, तेव्हा तुमी थंय होतात?"

"होते."

"मगे ती दळपाची बाई तुमका ठावक असतली."

"कुठली बाई?"

"एक बाई दळूक येय म्हणत, पहाटेची. अडाणी, पण गळो बरो. तिचा गाणा ह्यांच्या तोंडात सदां. माझ्या चेडवाक तां म्हटल्याशिवाय झोप येय नाय." आणि प्रेमाने डोळे मिटून, अगदी खालच्या आवाजात म्हटलं:

दळतंय मी बाय, जात्याच्या पाळीवर
राज परक्याचा निजला आळीवर

नलिनीच्या हातातल्या सैल बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. ओवी मालवणापर्यंत पोचली होती, तिथल्या पोरीला झोपवत होती, बोलीसुद्धा बदलून बसली होती. ती कुणाचीच नव्हती आणि त्याचं दुःख नव्हतं. ओव्यांचं असंच असतं. पण मार्तंडने आपल्या बायकोपाशीसुद्धा, स्वतःच्या घरात, सरकार गेल्यावर, नलिनीला त्या पिंपाबाहेर काढलं नव्हतं. पोलिसांना सांगायची ती गोष्ट त्याने घरातही तशीच सांगितली होती. आणि का, तर एकाच गोष्टीसाठी. आपण दळत होतो हे सांगावं लागलं असतं.

"त्यांनी आणखी काय सांगितलं?" नलिनीने विचारलं.

"अधिक काय सांगतले? दळपाच्या बाईचा काय सांगूचा असता?"

तेवढ्यात बोलावणं आलं.

मंडप मोठा होता. तो मिठागराच्या ठेकेदारानं दिला होता, तसा फलकच खांबावर लावलेला होता. फोटोतला मार्तंड झेंडूच्या हारात हनुवटीपर्यंत बुडाला होता. विद्याधर तासभर बोलला. पत्रकांबद्दल तो एवढंच म्हणाला, की त्या काळी मार्तंडच्या लेखणीनं साम्राज्य हादरवलं, आणि ती पत्रकं वाटायला भगिनीवर्गानेही हातभार लावला. मग त्याने नाव घेतलं, "मार्तंडच्या मानलेल्या भगिनी, नलिनीताई." आणि ध्वनिक्षेपक तिच्यापुढे सरकवला.

ती उभी राहिली. पुढच्या सतरंजीवर भटवाडीच्या बायका होत्या. त्यांनी आधी तिच्या हातांकडे बघितलं, मग खुर्चीवरच्या मोकळ्या कपाळाच्या बाईकडे, मग पुन्हा तिच्या हातांकडे. काकूचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"मी मार्तंडची बहीण नव्हे," नलिनी म्हणाली. "बायकोही नव्हे. पक्षाने सांगितलं म्हणून एका खोलीत राहिलो, कामापुरता संसार होता. पत्रक मी लिहीत होते. स्टेन्सिल मी कापत होते, यंत्र मी चालवत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मार्तंड जात्यावर बसायचा. तो दळायचा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"रोज दळायचा," ती म्हणाली. हसणारे गप्प होतील असं तिला वाटलं, म्हणून तिने खरं ते आणखी खरं करून सांगितलं. "त्याला नीट जमायचं नाही. पीठ जाडं राहायचं."

हसू या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. वाईट नव्हतं ते हसणं, गमतीचं होतं. एवढा मोठा माणूस लुगडं नेसून बसला असेल काय, असं कुणीतरी ओरडलं, तेव्हा टाळ्याही पडल्या. विद्याधरने पुढे होऊन ध्वनिक्षेपक हातात घेतला. "नलिनीताईंचा स्वभाव पहिल्यापासून मिश्कील," तो हसत म्हणाला. "दुःखाच्या प्रसंगीही माणसाला हसवणं, हा मार्तंडचाच वारसा." पुन्हा टाळ्या.

सभेने शेवटचं वाक्य ऐकलं होतं. भटवाडीच्या बायकांनी 'बायकोही नव्हे' एवढंच. त्या हसल्या नाहीत. काकू उठली, तिच्यामागून बाकीच्या, आणि सतरंजीचा तो कोपरा रिकामा झाला.

स्टेजच्या मागच्या पायऱ्यांवर प्रेमा तिची वाट बघत उभी होती. ती हसली नव्हती. तिने नलिनीच्या हाताला हात लावला नाही, दूरही झाली नाही.

"खरांच दळीत ते?"

"हो."

"सदां?"

"रोज."

प्रेमाने पदर खांद्यावरून घेतला. "माझ्या घरात कधी खुंट्याक हात नाय लावल्यान," ती म्हणाली. "बाळंतपणात सुद्धा मीच दळलंय." आणि मालवणची बस चुकेल म्हणून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'दिवंगत पुढाऱ्याच्या भगिनींनी विनोदी शैलीत हृद्य आठवणी सांगितल्या.' महिन्याभराने विद्याधर निवडून आला.

चाळीत कुणी भांडलं नाही. खोली सोड असंही कुणी म्हटलं नाही. रत्नप्रभाकाकूने एकदा नळावर विचारलं, "मग तुला आता हाक काय मारायची गं?"

"नलिनी म्हणा."

काकूने तोंडातल्या तोंडात ते नाव म्हणून बघितलं. मग मान हलवली. "नाही बाई. कुणाची कोण काही कळत नाही त्यात."

तेव्हापासून वहिनी नाही, ताई नाही. नळ जायची वेळ झाली की कुणीतरी येऊन दारावर नुसती थाप मारून जातं.