हातात एकच पान

ज्याच्या दरबारात कुणाचेही पान उलटे राहत नाही, त्या पांडुरंगाला आधी वंदन. मी किलवरची तिर्री बोलते आहे.

माझा जन्म छापखान्यातला. मला माणसांत आणले ते बडोद्याच्या शरच्चंद्र मास्तरांनी. दर गुरुवारी आरती होऊन प्रसाद वाटला की त्यांच्या सतरंजीवर मेंढीकोट मांडला जाई. या खेळात दश्शी म्हणजे मेंढी. ती जिंकण्यासाठीच सारी झुंज. मास्तरांच्या जोडीला त्यांच्या पत्नी अहल्याबाई. विरुद्ध बाजूला तरसालीचे सुभानराव आणि जनार्दनपंत.

चौघांचा एक अलिखित नेम होता. मागितलेल्या रंगाचे पान एकच असेल, तर ते विलंब न लावता टाकायचे. चांगले पान झाकावे, तो खेळ. नसलेला विचार दाखवू नये. माझ्यासारख्या क्षुद्र पानाला या नेमाचा केवढा अभिमान!

त्या गुरुवारी मास्तर सारखे हरत होते.

"आज मेंढ्यांचाच प्रसाद वाटताय वाटतं!" सुभानराव चिडवत होते.

पुढच्या डावात सुभानरावांनी किलवरचा एक्का टाकला. मास्तरांच्या हाती किलवर म्हणून मी एकटीच. तरी त्यांची बोटे शेजारच्या पानावर गेली, परतली, थबकली.

"चालो मास्तर, पान टाका! पंचांग बघताय का?"

मग मी पडले. मास्तरांकडे आणखी किलवर आहेत, असे सुभानरावांनी धरले. पुढच्याच फेरीत त्यांनी निःशंकपणे किलवरची दश्शी सोडली, जनार्दनपंतांनी वर राजा टाकला, आणि मास्तरांनी हुकूम मारून मेंढी उचलली.

अहल्याबाईंनीच विचारले, "अहो, किलवर एकच होता ना? मग थांबलात कशाला?"

"मी काही खोटं बोललो का?" मास्तर हसले.

"तोंडानं नाही," सुभानराव म्हणाले. "बोटांनी बोललात. डाव तुमचा, मास्तर. जय श्रीकृष्ण."

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. क्षमेचा शब्द मास्तरांच्या ओठांशी येई आणि मानापाशी अडे.

एके दिवशी सुभानरावांच्या दुखण्याची वार्ता आली. पत्त्यांचा कॅट खिशात घालून मास्तर तरसालीला धावले. दारातच सूनबाई विजयमाला हळूच म्हणाली, "काका, डॉक्टरांनी आशा सोडलीय. बाबांना सांगितलं नाही."

सुभानराव उशीला टेकून बसले होते. मास्तरांनी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारले, "मास्तर, खरं सांगा. उठेन ना मी यातून?"

मास्तर थांबले. खिशात त्यांची बोटे आम्हा पानांवरून फिरू लागली. या थांबण्यात कपट नव्हते, नुसते दुःख होते. पण ते आता ओळखावे कुणी?

सुभानराव क्षीण हसले. "पान एकच आहे ना? मग टाका."

"नाही उठणार," मास्तर म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळले.

"बसा," सुभानरावांनी त्यांचा हात धरला. "आता पिसा."

मास्तरांनी पाने वाटली. परंतु सुभानरावांच्या हातून ती उचलली गेली नाहीत. एकादशीला ते गेले.

आता मी देव्हाऱ्यात, समईच्या पायाशी आहे. माझ्यावाचून कॅट अपुरा. तो कुणी मांडत नाही. आरती म्हणताना मास्तरांची दृष्टी माझ्यावर पडते आणि हातातली घंटा थांबते.

श्रोतेहो, तुमच्या घरोघरी दिवा तेवता राहो. ज्याच्या मनी एकच शब्द असेल, त्याच्या ओठी तो वेळेवर येवो. आणि रुसून उठलेला सोबती तुमच्या सतरंजीवर पुन्हा येऊन बसो.