एगोनसाठी ठरवलेली सहल

रविवारी दुपारी रोसविथा ग्राझमधल्या आपल्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, तेवढ्यात एगोनचा फोन आला. घटस्फोटानंतर तो फोन करायचा तो ओळखीतलं कुणी वारलं तरच. म्हणून तिने आधी विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. रोसी, आपण डोंगरात जायचो ना, बॉकश्टाइनला, तेव्हा गाडी कुठे बदलायचो?"

"का?"

"बिर्गिटला दाखवावं म्हणतोय. शुक्रवार ते सोमवार. मोटारीने नको म्हणते, घाटात तिला मळमळतं. आणि रेल्वेचं सगळं तूच बघायचीस."

बिर्गिट म्हणजे त्याची आताची बायको. फोन आपटावा असं रोसविथाच्या मनात आलं खरं, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"श्वार्त्साखला बदलायची. आणि ऐक, इथून निघताना गाडीच्या तोंडाकडे पाठ करून बसा. सेल्झथालहून गाडी उलट्या दिशेने निघते, मग डोंगर समोरून येतात."

"बघ! हे मला आठवलं असतं का? तूच ठरवून दे ना सगळं. खोलीसुद्धा. त्या लाकनरबाईंशी तुझं चांगलं जमायचं."

"लाज नाही वाटत रे तुला?"

"वाटते की. पण तुझ्यासारखं कुणाला जमणार?"

हा मस्का होता, आणि तिला तो ओळखू येत होता. तरी ती हो म्हणाली.

बटाटे तसेच राहिले. तिने कपाटातून जुना नकाशा काढून टेबलावर पसरला आणि संगणकावर गाड्या बघत बसली. पहाटेची गाडी नको, न्याहारीआधी एगोन कुणाशी धड बोलत नाही. नंतरचीत बदलायला वेळ कमी, त्याच्या गुडघ्याला धावपळ सोसायची नाही. दुपारची बरी. श्वार्त्साखला कॉफी घेता येईल, आणि नदीच्या घळीतून गाडी वर चढेल तेव्हा उजेडही असेल. बाहेर संध्याकाळ झाली तरी तिला पत्ता नव्हता. एरवी रविवारी घरात माणसाचा आवाज असावा म्हणून ती रेडिओ लावून ठेवायची. आज तोही लावायचा राहिला होता.

मग तिने लाकनरबाईंना फोन लावला. बॉकश्टाइनला त्यांचं छोटं अतिथिगृह होतं.

"रोसविथा! अगं बाई, किती वर्षांनी! मला वाटलं, विसरलात तुम्ही दोघं आम्हाला. कोपऱ्यातलीच खोली ना? ओढ्याकडची?"

रोसविथाने खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, आणि स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला, "हो, तीच."

लाकनरबाई सुटल्याच. म्हातारी कुत्री गेली, धाकटीने खालच्या गावात केस कापायचं दुकान काढलं, यंदा बर्फ फारच उशिरा वितळलं. रोसविथा हुंकार देत राहिली. त्या तेवढ्या वेळात ती खरंच बॉकश्टाइनला निघाली होती.

"आणि जर्दाळू भरलेले गोड गोळे करून ठेवते. तुमच्या यजमानांना आवडतात."

"त्यांना नाही हो. मला आवडतात," रोसविथा म्हणाली. "लाकनरबाई, मी नाही येत. एगोन येतोय. त्याच्या बायकोला घेऊन."



"मग माझ्याकडे खोली नाही," लाकनरबाई फटकन म्हणाल्या.

"असं नका करू. द्या त्यांना. फक्त कोपऱ्यातली नको."

"रस्त्याकडची देते. सकाळी दुधाचा ट्रक तिथेच घुर्रघुर्र करत उभा असतो."

दोघी हसल्या. मग लाकनरबाई हळूच म्हणाल्या, "आणि तुम्ही? ऑक्टोबरात मी बंद करते. त्याआधी या की. एकट्या या."

ऑक्टोबर लागायच्या आधी रोसविथा खरंच बॉकश्टाइनला गेली. निघताना कुणाच्या गुडघ्याचा विचार करायचा नव्हता, तर कुठली गाडी घ्यावी हेच तिला ठरवता येईना. शेवटी आली त्या गाडीत ती चढली. दुसऱ्या दिवशी ती धबधब्यापर्यंत चालत गेली. वरच्या कड्यावर रानबकऱ्यांचा कळप दिसला तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "ते बघ!" वाटेवर कुणीच नव्हतं. ती थोडी थांबली, आणि मग एकटीच बघत राहिली.

रात्री जेवणघरात ती एकटीच पाहुणी होती. बाकीच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. लाकनरबाईंनी तिला वाढलं आणि समोर बसत म्हणाल्या, "तुमचे ते येऊन गेले. बाईंना डोंगर मानवला नाही, खोलीतच बसून असायच्या."

हे ऐकून आपल्याला बरं वाटेल, असं रोसविथाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"आणि तो?"

"ते फिरायचे की. एकटेच."

रोसविथाने मान हलवली. बाहेर ओढ्याचा आवाज चालूच होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

"मी नंतर घेते थोडंसं. उभ्या उभ्याच."

"ताट आणा तुमचं," रोसविथा म्हणाली, आणि तिने आपली थाळी जराशी बाजूला सरकवली.