स्टूल क्रमांक दोनशे चौदा

मी एक स्टूल बोलतोय. लोखंडी नळीचे चार पाय, वर गोल फळी, फळीवर काळं रेक्झिन आणि पोटाखाली पिवळ्या रंगात आकडा, दोनशे चौदा. जरा हळू बोलतो, कारण आत्ता माझ्यावर बाईसाहेब बसल्या आहेत आणि काहीतरी लिहितायत.

बाईसाहेब म्हणजे उद्योग खात्यातल्या नव्या तपासणी अधिकारी. वय अठ्ठावीस. परदेशात शिकताना त्यांनी एक जाडजूड प्रबंध लिहिला होता. सरकारनं जमीन स्वस्तात द्यावी, वीज अर्ध्या दरानं द्यावी, करात सूट द्यावी, म्हणजे कारखानदार येतात आणि माणसांच्या हातांना काम मिळतं, असा त्याचा सारांश. त्यातल्या एका तक्त्यात सातव्या ओळीत त्यांच्याच गावातला कारखाना होता. 'टेबल फॅन. रोजगार तीनशे.' ती ओळ त्यांनी किती जणांना दाखवली असेल, देव जाणे. शेवटी तिकडची नोकरी नाकारून त्या परत आल्या.

काल त्या कारखाना बघायला आल्या, तेव्हा त्यांच्या मनात भोंगा होता, सायकलींची रांग होती, जेवणाच्या सुट्टीत एकदम उघडणारे तीनशे डबे होते. समोर काय दिसलं? तीनशे निळ्या टोप्या. त्या टोप्यांखाली गावातला न्हावी पक्कड कात्रीसारखी चालवत होता, निवृत्त मास्तर टोपी काढून हजेरी द्यायला उभे राहत होते आणि मागच्या रांगेत दोन बायका पंख्याच्या पात्याचं सूप करून हसत होत्या.

हे असं का झालं, ते कळायला माझ्या जन्मापर्यंत मागं जावं लागेल. माझ्या जन्मातच सगळी मेख आहे.

सात वर्षांपूर्वी मालकांनी सवलती घेतल्या आणि बदल्यात तीनशे नोकऱ्यांचा शब्द दिला. पंख्यांना तेवढं गिऱ्हाईक काही मिळालं नाही. काम निघालं ते चाळीसेक माणसांपुरतं. वर्षअखेर मोजणीला जे साहेब येणार होते, ते निवृत्तीला टेकलेले, गुडघे धरलेले. त्यांनी मॅनेजरला आधीच फोन केला. म्हणाले, "माणसं हलतात हो. मोजता मोजता एखादा उठतो, एखादा दोनदा मोजला जातो. त्यापेक्षा बसायच्या जागा मोजू."

मॅनेजरनं फोन ठेवला आणि त्याच दुपारी वेल्डरकडे जाऊन दोनशे साठ स्टूलं सांगितली. दहा दिवसांत हवीत म्हणाला.

त्यातला मी एक. माझा चौथा पाय कापताना जेवणाची वेळ झाली आणि तो पाव बोट आखूड राहिला. हाताखालचा म्हणाला, "हे डुगडुगतंय." वेल्डर म्हणाला, "डुगडुगू दे. यावर बसणार कोण आहे?"

जन्मल्या जन्मल्या कुणी कुणाचं भविष्य इतकं अचूक सांगितलं नसेल.

साहेब आले, पेनानं हवेत टिचक्या मारत तीनशे मोजले, चहा घेतला, सही केली. दिवे बंद झाले आणि दुसऱ्या शेडमध्ये आम्ही दोनशे साठ जण आपापली धूळ अंगावर घेऊन उभे राहिलो. माझ्यावर एका मांजरीनं तीन पिल्लं घातली, हीच काय ती माझी नोकरी. पलीकडच्या शेडमधून मोटारींची घरघर ऐकू यायची. तिथल्या चाळीस स्टूलांचं रेक्झिन फाटलं होतं, पायांचे रबरी बूट झिजले होते. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझं रेक्झिन नवं कोरं होतं, आणि बसायला बनवलेल्या वस्तूचं रेक्झिन वर्षानुवर्षं नवं राहावं, यासारखी नामुष्की नाही.

मग नियम बदलला. जागा नव्हे, जागेवर बसलेली माणसं मोजायची. झालं, तेव्हापासून वर्षातला एक दिवस गाव लोटायला लागलं! सकाळी टोप्या वाटायच्या, तोंडाला धुळीचं फडकं बांधायचं आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्यायची. तिच्यावर नाव, वय, काम आणि शेवटी एक ओळ: 'विचारल्यास सांगावे, समाधानी आहे.' दुपारी चहा, बिस्किटं, घरी. गावाला त्यात वावगं वाटत नव्हतं. उलट "यंदा तुझा नंबर कितवा?" असं लोक एकमेकांना कौतुकानं विचारायचे.

माझ्या वाट्याला दरवर्षी एकच आजीबाई यायच्या. साठी उलटलेली, हाताला सतत काही ना काही काम लागणारी बाई. बसल्या बसल्या मी टक्‌ करून एका बाजूला कललो की त्या म्हणायच्या, "मेला स्वस्थ बसू देत नाही." मग हातातली चिठ्ठी घ्यायच्या, तिची कोपऱ्यावर कोपरा ठेवून सात वेळा तिकोनी घडी घालायच्या आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवायच्या. त्या एका दिवसापुरता मी सरळ उभा राहायचो. साहेबांनी कधी काही विचारलं नाही, त्यामुळे चिठ्ठीची गरज कधी पडली नाही.

काल पडली.

"बाईसाहेब, आधी चहा घ्या," मॅनेजर म्हणाला.

"आधी मोजते."

"मोजलेलंच आहे की! सकाळीच मोजून ठेवलंय तुमच्यासाठी."

बाईसाहेब न्हाव्यासमोर थांबल्या. "किती वर्षं आहात या कामात?"

"आजोबांपासून," तो सवयीनं बोलून गेला आणि मग घाईघाईनं म्हणाला, "पण समाधानी आहे."

असं करत करत त्या आमच्यापाशी आल्या. माझ्या आजीबाईंनी चष्मा काढून ठेवला होता, कारण चिठ्ठीवर वय सव्वीस होतं.

"नाव काय तुमचं?"

"थांबा हं, बघून सांगते." आजीबाई खाली वाकल्या.

"नाव बघून सांगणार?"

"चिठ्ठी खाली अडकलीय."

"बरं, वय?"

"तेही खालीच आहे."

बाईसाहेबही वाकल्या. माझ्या पायाखालच्या तिकोनी घडीकडे त्यांनी पाहिलं आणि तशाच थबकल्या. त्यांच्या अभ्यासाच्या डुगडुगत्या टेबलाखाली दहावीपर्यंत अशीच घडी असायची. ती घालणाऱ्या बाईनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं.

"आत्या?"

आजीबाईंनी टोपीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "अगंबाई! साहेब म्हणजे तू?"

"आणि सव्वीस वर्षांची म्हणजे तू?"

"हळू बोल," आत्या फडक्याआडून पुटपुटली. "जेवून आलीस का?"

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कपाळाला हात लावला. ती आत्याची सून, म्हणजे बाईसाहेबांची वहिनी. ती मात्र खरीच कामगार होती, नवशिक्यांना पक्कड सरळ धरायला शिकवायला तिला काल इकडे बसवलं होतं. आपली वहिनी त्या तीनशेंपैकी एक आहे, याचा बाईसाहेबांना केवढा अभिमान! आपण तपासणीला येणार हे नियमाप्रमाणे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, आणि कारखान्यात काय चालतं हे घरच्यांनी त्यांना सांगितलं नव्हतं. दोन्हीकडून चोख गुप्तता.

मॅनेजर त्यांना बाजूला घेऊन गेला. माणूस वाईट नाही. घाबरट आहे. "बाईसाहेब, खरं सांगतो, एकेचाळीस आहेत. पण मालकांना पलीकडच्या राज्यातून रोज फोन येतोय. वीज दहा वर्षं फुकट, जमीन नुसती पसंत करा म्हणतात. तुम्ही सही नाही केली, तर मालक गाशा गुंडाळतील. मग त्या एकेचाळिसांनी कुठं जायचं? तुमच्या वहिनींनी कुठं जायचं?"

बाईसाहेबांचा चेहरा पडला. एका हातात सगळा प्रबंध, दुसऱ्या हातात वहिनी. "उद्या सकाळी सांगते," त्या म्हणाल्या. "आणि पुरावा म्हणून हे स्टूल नेते."

"स्टूल? फाइल न्या की!"

"फाइल डुगडुगत नाही."

अशा रीतीनं मी आयुष्यात पहिल्यांदा घर पाहिलं. स्वयंपाकघरात मला ठेवल्याला पाच मिनिटं झाली नसतील, तोच आत्या माझ्यावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढायला लागली.

"आत्या, पुराव्यावर पाय देऊ नकोस!"

"मग पुराव्याला सांग डबा काढून द्यायला."

तेवढ्यात वहिनी कामावरून आली. तांब्याची तार गुंडाळून तिच्या बोटांवर बारीक चिरा पडल्या होत्या. बाईसाहेब तावातावानं येरझाऱ्या घालत होत्या. "सगळं ढोंग आहे. वर कळवते. सवलत बंद!"

"आणि मी?" वहिनीनं हात धुताधुता विचारलं.

"मग काय करू? सही करू?"

"कर की. पुढच्या वर्षी आई पंचवीस वर्षांच्या होतील."

आत्या हसली. वहिनी हसली नाही. "तुझ्याकडे कारखान्यानं पाठवलेली कामगारांची यादी आहे ना? माझं नाव शोध."

बाईसाहेबांनी यादी दोनदा चाळली. नाव नव्हतं.

"सत्त्याण्णव नंबर बघ."

"हा तर गावातला गवंडी आहे. वय बावन्न."

"तीच मी. पाच वर्षं झाली. कागदावर मला मिशा आहेत."

आता तिघीही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण वहिनीचं बोलणं संपलं नव्हतं.

"कारखाना उघडायच्या आधीच यादी वर गेली होती. आम्ही खरे लोक नंतर लागलो. आमची नावं घालायची तर यादी बदलायला हवी, आणि यादी बदलायची तर कुणीतरी ती उघडून बघणार. म्हणून मी गवंडी. उद्या माझं बोट मशीनमध्ये गेलं, तर भरपाई गवंड्याला मिळेल. मालक म्हणतो तीनशे खरे. तू म्हणतेस तीनशे खोटे. आम्हा एकेचाळिसांना अजून कुणी मोजलेलंच नाही गं."

बाईसाहेब माझ्यावर येऊन बसल्या. नुसत्या इकडे कलायच्या, तिकडे कलायच्या. सही करावी, टक्‌. करू नये, टक्‌. करावी, टक्‌.

शेवटी आत्या वैतागली. "ठरव बाई काय ते, डोकं उठलं माझं." तिनं जुन्या चपलेचा एक तुकडा कापला, माझ्या आखूड पायाला खिळ्यानं ठोकून बसवला आणि म्हणाली, "आता बस सरळ आणि विचार कर."

आज सकाळी कारखान्याचं फाटक उघडण्याआधीच बाईसाहेब मला काखोटीला मारून इथं आल्या. फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत मला ठेवलं, बसल्या आणि एक कोरा कागद मांडीवर घेतला. मॅनेजर स्कूटरवरून उतरतच म्हणाला, "बाहेर का, बाईसाहेब? आत या ना."

"आत आले की तुम्ही मोजून ठेवता. आज टोप्या नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. न बोलावता जो कामाला येईल, त्याचं नाव लिहिणार. त्याचं स्वतःचं. वर असं कळवणार, की तीनशे नाहीत, एकेचाळीस आहेत. सवलत तेवढ्यांपुरतीच द्यावी, आणि तीही त्यांच्या नावाची नेमणूकपत्रं बघून. माझी वहिनी त्यांच्यात आहे, तेही लिहिणार. शंका वाटली तर दुसऱ्या कुणाला मोजायला पाठवा म्हणावं."

"आणि मालक निघून गेले तर?"

"जातीलही," बाईसाहेब म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आज गेले तर कागदावरचे तीनशे जातील आणि गवंडी जाईल. हे लिहिल्यावर गेले, तर खऱ्या एकेचाळीस माणसांना नावानिशी टाकून जावं लागेल. ते कुणालाही जरा जड जातं."

मॅनेजरनं हेल्मेट काढून स्कूटरच्या आरशाला अडकवलं. मग म्हणाला, "बेचाळिसावं माझं लिहा. माझंही पत्र नाहीये."

तर मंडळी, माझी सध्याची हकीकत ही अशी. पाय सरळ आहे, रेक्झिन आज पहिल्यांदा जरा सुरकुतलंय आणि पुढं काय होणार ते मला ठाऊक नाही. एक विनंती करतो. कुठंही इतक्या नोकऱ्या, तितक्या नोकऱ्या असा गोल आकडा ऐकलात, तर टाळ्या वाजवण्याआधी जरा वाकून बघा, खाली कसली घडी सरकवलीय ते. आणि स्टूल दिसलं तर बसा. आम्हाला बरं वाटतं.

आता थांबतो, कामावर आहे. रस्त्याच्या वळणावरून डबे घेतलेली माणसं येतायत. सगळ्यांच्या पुढं वहिनी आहे.

"नाव?" बाईसाहेबांनी विचारलं, जणू तिला आयुष्यात प्रथमच पाहत होत्या.

वहिनीनं डबा खाली ठेवला, पदर सारखा केला आणि स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण, आणि रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.