वाटेत गळालेले सूर

माझे मामा पियानो सुरात लावतात. त्यांच्या कानांवर शंका घ्यायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. त्यामुळे "तुझ्या त्या वेबसाइटने माझे वरचे सूर खाल्ले," असं ते म्हणाले, तेव्हा मी मुकाट्याने वेबसाइटवरच संशय घेतला.

काम तसं सोपं होतं. गावातल्या सभागृहाच्या व्यवस्थापक बाई संध्याकाळी मामांच्या वेबसाइटवरचे सूर ऐकून ठरवणार होत्या, की त्यांचा मोठा पियानो यापुढे कुणी सांभाळायचा. मामांना ते काम मनापासून हवं होतं. त्यांनी घरच्या पियानोची एकेक पट्टी दाबून सगळे सूर माझ्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केले आणि वेबसाइटवर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एफटीपीच्या प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी दोन खण दिसतात. डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे वेबसाइट. डावीकडचं फोल्डर उचलून उजवीकडे टाकलं, की फाइली आपसूक चढत जातात.

चढल्याही. पण हेडफोन लावून ऐकता ऐकता मामांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"खालचे ठणठणीत आहेत. मधलेही. वरच्या टोकाला मात्र नुसती टकटक. पट्टीचा आवाज पोचला, सूर वाटेत गळाला."

मला मोठी गंमत वाटली. फाइल अर्धवट पोचते हे ठाऊक होतं, पण टकटक ठेवून नेमका सूर तेवढा गाळणारी चाळणी कुठली? मी दोन्ही खणांतल्या फाइलींची मापं ताडून पाहिली. तंतोतंत सारखी. मग आठवलं, आवाजाची फाइल मजकुराची समजून पाठवली तर ती बिघडते. ती सेटिंग बदलली, वरच्या सुरांच्या सगळ्या फाइली पुसून पुन्हा चढवल्या.

"टकटक," मामा म्हणाले.

आता मात्र मी इरेला पेटले. जुनी फाइल कुठे अडकून बसली असेल म्हणून ब्राउझर साफ केला. पुन्हा टकटक. शेवटी वेबसाइट बाजूला सारून डावीकडची मूळ फाइलच लावली.

"बघ! इथेही नाही. म्हणजे तुझा रेकॉर्डरच भिकार."

"आणा इकडे," म्हणत मी हेडफोनची वायर उपटली आणि स्पीकर मोठा करून शेवटचे सूर ओळीने सुरू केले.

खोलीभर सूर लख्ख वाजले. मी मामांकडे पाहिलं. ते मान हलवत होते. "ऐकलंस? टक, टक, टक."

मी आवाज आणखी वाढवला. तेवढ्यात आतून मामी ओरडली, "अहो, बंद करा ती टिणटिण! डोकं उठलं माझं!"

"कुठली टिणटिण?" मामांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा उतरला.

मला रडू आलं. मामा उठले, पियानोपाशी गेले, झाकण उघडून त्यांनी शेवटची पट्टी दाबली. मग पुन्हा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कसा वाजतोय गं?"

"काचेच्या पेल्याला चमचा लागल्यासारखा."

"मागे थरथर येते? एकाच पट्टीच्या तारा आपसात भांडल्यासारखी?"

त्यांनी शेवटच्या दोन्ही पट्ट्या एकेक करून दाबल्या, मी कान देऊन ऐकलं. इतक्या बारकाईने मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. "या पट्टीला नाही. शेजारचीला... आहे. अगदी थोडी."

मामांनी सूर लावायची किल्ली तारेच्या खुंटीवर बसवली आणि केसभर फिरवली. "आता?"

"वाढली."

त्यांनी उलटी फिरवली. "आता?"

"गेली!"

त्यांनी किल्ली खुंटीवरून काढली. मग म्हणाले, "हा सूर पुन्हा रेकॉर्ड करून चढव. आणि बाईंना फोन लाव. सगळं खरं सांगू, आणि म्हणावं, काम दिलंत तर आम्ही दोघं येऊ."

"मामा, मला पियानोतलं काय कळतं?"

"ते मला कळतं," मामा म्हणाले. "तू फक्त ऐक."