औषधांच्या पिशवीचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. तुमच्या कंपासपेटीहून थोडी मोठी, वर चेन आणि बाहेरच्या अंगाला छोट्या चेनचा एक कप्पा. राहते कॅनडात, मिसिसागातल्या एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर. माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण वाईट आधी सांगून टाकते, म्हणजे मागाहून मला कुणी बोल लावायला नको. मी जळकुकडी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की मला ते सहन होत नाही. लहानपणापासूनच नाही.

माझा जन्म नागपूरचा. वनिता नावाच्या बाईंनी सोफ्याची कव्हरं शिवायला टाकली होती आणि त्यातलं हातभर कापड उरलं. तपकिरी रंगाचं, वर बारीक पिवळी पानं. शिंपी म्हणाला, "एवढ्याशा तुकड्याचं काय होणार?" वनिताची मोठी बहीण माधवीताई त्याच महिन्यात नवरा आणि चार वर्षांची मुलगी ऊर्मी यांच्यासह कॅनडाला निघाली होती. वनिता म्हणाली, "ताईच्या औषधांपुरतं होईल." अशी मी झाले. सोफा झालेली माझी भावंडं दिवाणखान्यात मिरवत बसली आणि मी विमानात बसले. त्यांच्यावर जळण्याचं मला काहीच कारण नव्हतं. तरी थोडी जळलेच, कारण त्यांच्यावर पाहुणे बसायचे.

मिसिसागात आल्यावर माझ्या पोटात काय असायचं सांगू? हिंगाष्टक चूर्ण, बाम, ओव्याचा अर्क आणि सर्दीच्या चार गोळ्या. खरी औषधं माझ्याकडे नव्हतीच. माधवीताईंना पुढे रक्तदाब जडला, मग साखर. त्यांच्या गोळ्या यायच्या त्या एका कार्डावर. उल्हासराव, म्हणजे माधवीताईंचे यजमान, विमानतळाजवळच्या एका कंपनीत मालाच्या वाहतुकीचं काम बघायचे. त्या कंपनीचं विम्याचं कार्ड त्यांच्या पाकिटात असायचं. गुळगुळीत, निळं, सोनेरी आकड्यांचं. फार्मसीत दोन बोटांनी बाहेर काढलं, दाखवलं, की औषध हातात! मी अठरा-अठरा तास प्रवास करून चूर्ण आणायचे आणि हा निळा तुकडा पाकिटातून नुसता डोकावायचा. घरात काळजी कुणाची घेतली जायची? त्याची. "कार्ड घेतलंस का?" दार ओढण्याआधी हे ठरलेलं. पिशवी घेतलीस का, असं कुणी एकदाही विचारलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी कंपनीनं इथलं ऑफिस बंद केलं. उल्हासरावांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर कार्डही गेलं. त्यांना पुढे कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं, पण त्यात औषधांचा विमा नव्हता. डॉक्टरला दाखवायचे इथे पैसे पडत नाहीत. गोळ्या मात्र ज्याच्या त्यानं विकत घ्यायच्या. माधवीताईंनी साखरेच्या नव्या गोळीची किंमत ऐकली आणि पाकीट पर्समध्ये परत ठेवलं. घरावर संकट आलं होतं, मित्रांनो. आणि मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू?

कारण आता पाळी माझी होती. माधवीताईंनी नागपूरला फोन केला आणि सुट्टीला तिकडे निघालेल्या एकाबरोबर मला पाठवून दिलं. वनितानं ताईची चिठ्ठी तिथल्या डॉक्टरांना दाखवून त्याच गोळ्या घेतल्या, स्वतः माझी घडी झटकून मला भरलं आणि कॅनडाला निघालेल्या एका ओळखीच्या मुलाच्या हातात ठेवलं. तेव्हापासून दर चार-सहा महिन्यांनी माझी वारी सुरू झाली. कोण जातंय, कोण येतंय, याची चौकशी करत सगळ्यांचे फोन खणखणायचे. मी कुणाच्या लॅपटॉपशेजारी बसून आले, कुणाच्या चकलीच्या डब्याखाली चेपून आले. आल्यावर माधवीताई मला दोन्ही हातांनी उघडायच्या आणि "आली बाई एकदाची!" म्हणायच्या. उल्हासराव पाहुण्यांना सांगायचे, "आपल्याला काय चिंता? आपली पिशवी आहे ना!" हे वाक्य मी रोज ऐकलं असतं तरी मला कंटाळा आला नसता.

आता माझ्या सवतीची गोष्ट सांगते. ती कागदाची होती. ऊर्मी आता बावीस वर्षांची आहे, दुसऱ्या गावी शिकते. ती एका शनिवारी घरी आली आणि तिनं टेबलावर एक फॉर्म ठेवला. ज्या घराला उत्पन्नाच्या मानानं औषधांचा खर्च जास्त पडतो, त्याला प्रांताचं सरकार हातभार लावतं. ठरलेला वाटा आपण द्यायचा, पुढचं योजना बघते. त्यासाठी हा फॉर्म. तिनं सगळं भरून आणलं होतं. माधवीताईंनी आपली सही केली.

"बाबा, ओन्ली युअर सिग्नेचर इज लेफ्ट," ऊर्मी म्हणाली.

"अगं, हे खरंच गरजू लोकांसाठी असतं," उल्हासराव म्हणाले. "अठरा वर्षं टॅक्स भरलाय मी या देशात. आता फॉर्म भरून हात पसरू?"

"एक्झॅक्टली! यू पेड फॉर धिस, बाबा. इट्स नॉट चॅरिटी."

"बघू नंतर. शिवाय मागच्या वर्षीच्या पगारावर ते आपल्याला उभंसुद्धा करणार नाहीत. आणि आपली पिशवी आहे ना."

असं म्हणून त्यांनी फॉर्मची चार पदरी घडी केली आणि माझ्याच बाहेरच्या कप्प्यात सरकवली. माझ्या पोटात माझी वैरीण! पण मी विचार केला, बरं झालं, इथेच राहू दे. कागदाचा एक कोपरा छोट्या चेनच्या दातांत अडकला. पुढच्या वेळी ऊर्मीनं चेन ओढून पाहिली, साबण लावून पाहिला. चेन हलली नाही. मी मुद्दाम अडकवली असं मी म्हणणार नाही. सुटू दिली नाही, एवढं मात्र खरं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी नंदन नावाचा मुलगा नागपूरला गेला. तो दसऱ्याआधी परतणार होता आणि येताना गोळ्या आणणार होता. मी यावेळी गेले नाही, माझ्यात अजून तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या. पण नंदनच्या चुलतभावाचं लग्न ठरलं आणि त्यानं तिकीट थेट जानेवारीवर ढकललं. फोन ठेवून माधवीताई ओट्याशी गेल्या. मग त्यांनी मला उघडलं, भाजी चिरायची छोटी सुरी घेतली आणि पोळपाटावर गोळी ठेवून तिचे दोन तुकडे केले. रक्तदाबाची अर्धी, साखरेची अर्धी. उरलेल्या अर्ध्या त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या तळाशी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्याच गोळ्या तशा कापून ठेवल्या.

हे फक्त मला माहीत होतं. उल्हासराव सकाळी विचारायचे, "गोळी घेतलीस?" त्या म्हणायच्या, "घेतली." आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता माझं सगळ्यात वाईट सांगते. मी खूश होते. पूर्ण गोळ्या घेतल्या असत्या तर मी नोव्हेंबर संपण्याआधीच रिकामी झाले असते, मग माझ्याकडे कोण बघणार होतं? अर्ध्या गोळ्यांमुळे मी दुप्पट दिवस भरलेली राहणार होते. माधवीताईंचं डोकं दुखायचं. कपड्यांची घडी घालता घालता त्या मध्येच खाली बसायच्या. मला ते दिसत होतं. तरीही माझ्या मनात यायचं, की बघा, अजून माझ्यावाचून यांचं चालत नाही.

मग थंडी पडल्यावर एके दिवशी दोघं फ्लूचा शॉट घ्यायला प्लाझातल्या फार्मसीत गेली. माधवीताई मला नेहमी पर्समध्ये ठेवायच्या, म्हणून मीही गेले. तिथे शीला नावाची फार्मसिस्ट होती. मूळची इंदूरची, त्यामुळे मराठी बोलायची. माधवीताईंचा चेहरा बघून तिनं त्यांना आधी रक्तदाबाच्या यंत्राशी बसवलं. आकडा आला आणि शीलाच्या कपाळाला आठी पडली.

"काकू, दोन मिनिटं शांत बसा. परत बघू." परत बघितलं तर आकडा वरच चढला होता. "गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"एकदम नियमित," उल्हासराव म्हणाले. त्यांनी पर्समधून मला काढून काउंटरवर ठेवलं. "ही बघा. सगळं हिच्यात आहे."

किती अभिमानानं ठेवलं होतं त्यांनी मला! आणि शीलानं माझी चेन उघडून मला उलटं केलं. कागदाची पुडी पडली, सुटली, आणि अर्ध्या गोळ्या काउंटरभर घरंगळल्या. काही तुकडे, काही नुसता भुगा.

शीलानं एक तुकडा उचलला. "काकू, ही गोळी अर्धी करायचीच नसते. कुणी सांगितलं तुम्हाला?"

माधवीताई बुटांकडे बघत राहिल्या. "नंदन येईपर्यंत पुरवायच्या होत्या."

"कधीपासून?" उल्हासरावांनी विचारलं.

"दसऱ्यापासून."

"दोन महिने? माधवी, मला बोलली का नाहीस?"

मागे रांगेत दोन माणसं उभी होती. माधवीताई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला सही करावी लागली असती."

उल्हासरावांनी मला उचललं. बाहेरच्या कप्प्याची चेन ओढली. ती अडकलेलीच होती. त्यांनी पुन्हा ओढली, मग एका हातानं माझा कोपरा धरला आणि दुसऱ्यानं हिसका दिला. माझी शिवण उसवली, चेनचे दात निखळले. मला दुखलं, मित्रांनो, पण त्या वेळी पहिल्यांदा वाटलं की हे आधीच व्हायला हवं होतं. त्यांनी फॉर्म काउंटरवर सपाट केला, दोरीला बांधलेलं पेन घेतलं आणि सही केली.

शीलानं फॉर्म तपासला. "काका, नोकरी गेल्यामुळे उत्पन्न कमी झालंय ना? मग तेही कळवा, ते धरतात. आणि पावत्या इथल्या लागतील. नागपूरच्या चालणार नाहीत." मग तिनं डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. महिन्याभराच्या गोळ्या उल्हासरावांनी तिथल्या तिथे घेतल्या. पहिली गोळी माधवीताईंनी कागदी पेल्यातल्या पाण्याबरोबर तिथेच घेतली, पूर्ण.

काही आठवड्यांनी सरकारी पाकीट आलं. मंजूर झालं होतं. आणि मग घरात आला तो पुठ्ठा. फार्मसीतून दर आठवड्याला येतो. सोमवार ते रविवार खळगे, प्रत्येक खळग्यात त्या त्या वेळच्या गोळ्या आणि वर छापलेलं माधवीताईंचं नाव. अठरा वर्षं मी या घरात आहे, माझ्यावर कुणी दोन अक्षरं लिहिली नाहीत. याच्यावर आल्या दिवसापासून नाव! त्याला मायक्रोवेव्हशेजारी, सगळ्यांच्या नजरेसमोर जागा मिळाली. मला कोटांच्या कपाटात, विजोड हातमोज्यांबरोबर. तुम्हीच सांगा, जळू नको तर काय करू?

जानेवारीत नंदन आला आणि वनितानं दिलेल्या गोळ्या देऊन गेला. त्या दिवशी माधवीताईंनी मला कपाटातून काढलं. मला वाटलं, आता या माझ्यात भरणार. पण त्यांनी मला नुसतं मांडीवर ठेवलं आणि वनिताला फोन लावला. सगळं सांगितलं, अर्ध्या गोळ्यांपासून सहीपर्यंत.

मग वनिता म्हणाली, "म्हणजे आता माझ्याकडून काही नको."

"तसं नाही गं."

"मी इथे सगळ्यांना सांगत फिरते ताई, की कॅनडातल्या बहिणीला औषधं मी पुरवते म्हणून. आणि तू तिकडे अर्ध्या खात होतीस. मला एक फोन करवला नाही तुला?" तिचा आवाज फुटला. "चढलेल्या रक्तदाबानं तिथे पडली असतीस तर मी काय करणार होते?"

माधवीताई रडल्या. मला रडता येत नाही, पण वनिताचा शब्दन् शब्द मला लागला. तिलाही माझ्यासारखंच झालं होतं. आपल्यावाचून माणसाचं चालतंय, हे तिलाही झोंबलं होतं. फरक इतकाच, की ताई बरी आहे हे कळल्यावर तिचं दुखणं तिथेच थांबलं. "औषधं राहू दे," माधवीताई म्हणाल्या, "उन्हाळ्यात तूच ये." आणि वनिता हो म्हणाली. माझं दुखणं काही थांबलं नाही. मी परत कपाटात गेले, उसवलेली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी मोठं माणूस "माझं अगदी नीट चाललंय" म्हणत असेल. नुसतं त्यावर जाऊ नका. गोळी घेतली का, एवढंच विचारू नका. पूर्ण घेतली का, हेही विचारा. त्यांची पिशवी उघडून बघा. आणि हक्काची मदत घ्यायला बाबा, आजोबा लाजत असतील, तर त्यांच्या हातात पेन द्या आणि सही होईपर्यंत शेजारून हलू नका. मागे पडल्याचं दुःख आम्हा पिशव्यांना होतं, ते होऊ द्या. आमच्यासाठी कुणी अर्धं खाऊ नये.

मी अजून त्या पुठ्ठ्यावर जळते. त्याचं तोंड बघायला मला आवडत नाही. पण रविवारी संध्याकाळी माधवीताई जुना पुठ्ठा टाकून द्यायला उचलतात, तेव्हा कपाटाच्या दाराच्या फटीतून मी त्याचे सगळे खळगे मोजून घेते, एकही गोळी मागे राहिलेली नाही ना.